राइट क्लिकमधली एक ओळ

रात्री साडेआठला मेसची घंटा होते तेव्हा बहुतेक जण ताटं घेऊन रांगेत असतात, आणि मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसलेला असतो. 'कमवा आणि शिका' योजनेत मला हे काम मिळालं तेव्हा रूम पार्टनर म्हणाला होता, "मजा आहे बुवा तुझी, एसीत बसून पैसे!" एसी आहे हे खरं. पण त्या एसीसोबत सहा लॅब आणि १८६ मशीनही आहेत, आणि त्यातलं एखादं तरी रोज रुसून बसलेलं असतं.

पहिला महिना मी पेनड्राइव्ह घेऊन लॅब ते लॅब हिंडलो. एक सॉफ्टवेअर टाकायला एका मशीनवर १२ मिनिटं धरली, तर ३० मशीनच्या लॅबला ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. शेवटच्या मशीनवर पोचेपर्यंत पहिल्यावर कोणीतरी काहीतरी बिघडवून ठेवलेलं असायचं! लॅबचे मामा हसून म्हणायचे, "काय रे, प्रदक्षिणा झाली का पुरी?"

मग एके दिवशी आमच्या सिस्टिम सरांनी मला कन्सोल दाखवला. त्या कन्सोलमध्ये स्वतःचं एक बटण कसं जोडायचं, ते आज सांगणार आहे. आणि तशाच एका बटणानं मी काय घोळ घातला, तेही. घोळ वगळून नुसती कृती लिहिली असती तर लेख आटोपशीर झाला असता, पण अर्धवट झाला असता.

कन्सोल म्हणजे काय?

आमच्याकडे आहे तो मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर. हा प्राणी जुना आहे. १९९४ साली 'सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर' म्हणून तो आला. पुढे २००७ च्या आवृत्तीपासून 'सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजर' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि आता नुसता 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' आहे. नाव बदललं तरी जुन्या नावाची आद्याक्षरं आतून गेली नाहीत. आजही 'ऑल सिस्टिम्स' या मूळ गटाचा क्रमांक 'एसएमएस००००१' असाच आहे. लग्नानंतर आडनाव बदललं तरी रेशनकार्डावर माहेरचंच राहावं, तसं!

रचना सोपी आहे. मध्ये एक सर्व्हर. प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम, त्याला एजंट किंवा क्लायंट म्हणतात. हा क्लायंट ठरावीक वेळानं (मूळ सेटिंग ६० मिनिटांचं) सर्व्हरला विचारतो, "माझ्यासाठी काही काम आहे का?" असेल तर ते करतो आणि निकाल कळवतो. मशीनचे गट करता येतात, त्यांना 'कलेक्शन' म्हणायचं. 'लॅब ३' हे एक कलेक्शन, 'ऑफिस' हे दुसरं. आणि हे सगळं जिथं बसून बघायचं, ती खिडकी म्हणजे कन्सोल.

कन्सोलमध्ये मशीनच्या नावावर राइट क्लिक केलं की एक मेनू उघडतो. त्यात कंपनीनं दिलेल्या ओळी असतात. पण रोजच्या कामाला लागणाऱ्या ओळी कंपनीला कुठून माहीत असणार? मला दिवसातून वीस वेळा 'हे मशीन जागं आहे का' एवढंच बघायचं असायचं. त्यासाठी नाव कॉपी करा, काळी कमांड विंडो उघडा, पिंग लिहा, नाव पेस्ट करा... सरांना म्हटलं, "हे मेनूतच नाही का टाकता येणार?"

सर म्हणाले, "येतं की. वाच आणि टाक."

ओळ जोडायची कशी

खरं सांगतो, मला वाटलं होतं यासाठी मोठं प्रोग्रॅमिंग लागेल. लागत नाही. लागते एक फाइल, ती योग्य नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

आधी फोल्डर. कन्सोल ज्या फोल्डरमध्ये बसवलेला असतो त्यात 'ॲडमिनकन्सोल' आहे. त्यात 'एक्सएमएलस्टोरेज', त्यात 'एक्स्टेन्शन्स', त्यात 'ॲक्शन्स'. शेवटचे फोल्डर नसतील तर आपण करायचे. आता 'ॲक्शन्स'च्या आत आणखी एक फोल्डर, आणि त्याचं नाव म्हणजे एक जीयूआयडी. जीयूआयडी म्हणजे ३२ हेक्साडेसिमल चिन्हं आणि मध्ये चार आडव्या रेघा, असा लांबलचक क्रमांक. कन्सोलमधल्या प्रत्येक प्रकारच्या यादीला असा एक क्रमांक असतो. फोल्डरला ज्या यादीचा क्रमांक, त्या यादीच्या मेनूत आपली ओळ दिसणार. पोस्टाच्या पिनकोडसारखंच समजा. पत्रात काहीही लिहा, ते पोचणार पिनकोडप्रमाणे.

हा क्रमांक शोधायचा कुठे? त्याच 'एक्सएमएलस्टोरेज'मध्ये 'कन्सोलरूट' नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या फाइलींमध्ये कन्सोलची सगळी मांडणी लिहिलेली असते. मशीनसंबंधीची 'ॲसेटमॅनेजमेंटनोड' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'नेमस्पेसजीयूआयडी' हा शब्द शोधला की क्रमांक सापडतात. फक्त वाचायची हं, त्या फाइलीत बदल करायचा नाही.

इथं मी पहिल्यांदा अडकलो. 'डिव्हायसेस'च्या सरसकट यादीत माझी ओळ दिसायची, पण 'लॅब ३' कलेक्शन उघडून त्यातल्या मशीनवर राइट क्लिक केलं की गायब! दोन संध्याकाळी गेल्यावर लक्षात आलं की या दोन्ही याद्यांचे क्रमांक वेगळे आहेत. मशीन तेच, पण कुठल्या दारातून आत आलात त्यावर मेनू ठरतो. तेव्हा एकच फाइल दोन्ही फोल्डरांत ठेवायची.

आता फाइल. ती साधी एक्सएमएल असते आणि तिच्यात चारच गोष्टी सांगायच्या. एक, हा कुठल्या जातीचा ॲक्शन आहे. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर 'एक्झिक्यूटेबल'. दोन, मेनूत दिसायचं नाव. तीन, ओळ कुठे दाखवायची. राइट क्लिकच्या मेनूत, वरच्या पट्टीवर, की दोन्हीकडे. आणि चार, कुठला प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याला काय द्यायचं.

या 'काय द्यायचं'मध्येच सगळी गंमत आहे. फाइल लिहिताना आपल्याला माहीत नसतं की पुढे कुठल्या मशीनवर क्लिक होणार. म्हणून नावाच्या जागी एक खूण ठेवायची: दोन हॅश, मग 'सब', कोलन, 'नेम', पुन्हा दोन हॅश. लग्नपत्रिकेवर 'श्री. ______ यांस' असं छापून घेतात आणि वाटताना नाव भरतात ना, तसंच. क्लिक झालं की कन्सोल त्या खुणेच्या जागी मशीनचं खरं नाव भरतो आणि कमांड चालवतो. मशीनच्या नावाऐवजी तिचा क्रमांकही घेता येतो, आणि कलेक्शनच्या मेनूसाठी कलेक्शनचा क्रमांकही.

फाइल ठेवली, कन्सोल बंद करून पुन्हा उघडला, 'लॅब ३' मधल्या सातव्या मशीनवर राइट क्लिक केलं, आणि तिथं माझी ओळ! 'पिंग करून बघा', चक्क मराठीत. मी मामांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, "बरं आहे. पण ह्याच्यानं होतं काय?"

दोन खाचखळगे सांगून ठेवतो, कोणाचे तरी दोन तास वाचतील. पहिला म्हणजे एक्सएमएलमध्ये 'अँड'चं चिन्ह तसंच्या तसं लिहिलेलं चालत नाही, ते 'एएमपी'वाल्या लांब रूपात लिहावं लागतं. दोन कमांड जोडायला ते चिन्ह मी तसंच लिहिलं, आणि मेनूत ओळच दिसेना. दुसरा असा की आमच्याकडचा कन्सोल ३२ बिटी आहे. त्यामुळे त्यातून उघडलेली कमांड विंडोही ३२ बिटी असते, आणि विंडोजच्या काही कमांड फक्त ६४ बिटी फोल्डरात असतात. मशीनवर कोण लॉगिन आहे ते सांगणारी 'क्यूयूझर' ही अशीच. हातानं टाइप केली की चालते, बटणातून चालवली की 'सापडत नाही' म्हणते! अशा वेळी 'सिसनेटिव्ह' नावाच्या आडवाटेनं मूळ फोल्डरात जावं लागतं.

महिन्याभरात माझ्या मेनूत पाच ओळी झाल्या. पिंग, मशीनची सी ड्राइव्ह उघडा, क्लायंटचे लॉग उघडा (ते विंडोजच्या फोल्डरात 'सीसीएम'मध्ये असतात), लॉगिन कोण आहे ते दाखवा... आणि पाचवी, 'सगळी रीस्टार्ट'.

पाचवी ओळ

ही पाचवी ओळ मशीनवर नव्हती, कलेक्शनवर होती. कलेक्शनवर राइट क्लिक केलं की त्याचा क्रमांक माझ्या स्क्रिप्टला मिळायचा. स्क्रिप्ट सर्व्हरकडून त्या गटातल्या मशीनची नावं आणायची आणि प्रत्येकाला विंडोजची 'शटडाउन' कमांड द्यायची. रीस्टार्टसाठी 'आर', सुरू असलेले प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद करण्यासाठी 'एफ', आणि वेळ शून्य सेकंद. मला भारी अभिमान वाटला होता तिचा. सहा ओळींची स्क्रिप्ट, तीस मशीन एका दमात!

सबमिशनचा आठवडा होता. 'लॅब ३' मध्ये अपडेट टाकले होते आणि रीस्टार्ट बाकी होतं. मी जाऊन काचेतून बघितलं. लॅब रिकामी, मामांनी दिवेही घालवलेले. परत आलो, 'लॅब ३' वर राइट क्लिक, 'सगळी रीस्टार्ट'. झालं.

पाच मिनिटांनी दारात सेकंड इयरची एक मुलगी उभी. "दादा, प्रोजेक्ट रूमची लाइट गेली होती का? ट्यूब चालू होत्या, पण आमच्या चारच मशीन बंद होऊन परत चालू झाल्या."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. दिवाळीच्या सुट्टीत 'लॅब ३' मधली चार मशीन उचलून प्रोजेक्ट रूममध्ये नेली होती. टेबलं बदलली, खोली बदलली, पण मशीनची नावं तीच राहिली आणि कलेक्शनही तेच राहिलं. मी खोली बघून आलो होतो, यादी बघितलीच नव्हती. कन्सोलला खोली माहीत नसते, त्याला फक्त यादी माहीत असते.

त्यांच्या ग्रुपचं कॅडमधलं असेंब्ली ड्रॉइंग चार वाजल्यापासून चालू होतं. ऑटोसेव्हमधून काही परत मिळालं, शेवटच्या दोन तासांचं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सबमिशन.

आणि आता लिहायला अवघड जाणारी गोष्ट. मी तिला म्हणालो, "बघतो हं, काय झालंय ते." बस्स, एवढंच. मी केलं असं म्हणालो नाही. ती "ठीक आहे दादा" म्हणून गेली, आणि रात्री एकपर्यंत प्रोजेक्ट रूमची लाइट जळत होती. हॉस्टेलच्या खिडकीतून दिसत होती मला.

सर काय म्हणाले

सकाळी सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, "कन्सोलमध्ये रीस्टार्टचं मूळचं बटण आहे. ते का नाही वापरलंस?"

"सर, माझ्या लॉगिनला ते बंद आहे."

"मग ते बंद का ठेवलं असेल, असा विचार केलास?"

मी गप्प.

सरांनी मग जे समजावलं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कन्सोलमध्ये प्रत्येकाला भूमिका असते. माझी भूमिका फक्त बघण्याची होती. पण सॉफ्टवेअर टाकता यावं म्हणून माझं लॉगिन लॅबच्या मशीनवर मात्र ॲडमिनिस्ट्रेटर होतं. आता मेनूत आपण जोडलेली ओळ चालते कुठे? सर्व्हरवर नाही, त्या दूरच्या मशीनवरही नाही. ती चालते ज्या पीसीवर कन्सोल उघडलाय तिथं, आणि क्लिक करणाऱ्याच्या विंडोज लॉगिनच्या अधिकारात. तिथून ती नेटवर्कवरून समोरच्या मशीनला हुकूम देते. कन्सोल फक्त नाव पुरवतो आणि बाजूला होतो. म्हणजे कन्सोलनं माझ्यासाठी घातलेलं कुंपण माझ्या बटणाला लागूच नव्हतं. दाराला कुलूप होतं आणि मी खिडकीतून गेलो होतो. खिडकी उघडी आहे म्हणून नाही, तर मला दार दिसलं नाही म्हणून!

आणखीही काही सुटतं. मूळ बटणातून रीस्टार्ट केलं की समोर बसलेल्याला सूचना आणि उलटी मोजणी दिसते. मोठ्या गटावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्यासारखं धोक्याचं काम लावायला गेलं तर कन्सोल अडवू शकतो. मूळ सेटिंगमध्ये १०० पेक्षा जास्त मशीनचे गट त्या यादीतून लपवलेले असतात, मुद्दाम दाखवावे लागतात. आपल्या ओळीला यातलं काही नाही. ना सूचना, ना मर्यादा.

हे कुंपण का लागतं, याचं एक उदाहरण सरांनी सांगितलं. अमेरिकेत अटलांटाला एमरी विद्यापीठ आहे. मे २०१४ मध्ये तिथं याच प्रणालीतून विंडोज ७ नव्यानं टाकण्याचं काम चुकून सगळ्याच विंडोज मशीनना गेलं. लॅपटॉप, डेस्कटॉप, अगदी सर्व्हरसुद्धा. मशीन एकेक करून स्वतःच्या डिस्क फॉरमॅट करायला लागली. चूक लक्षात येताच लोकांनी मुख्य सर्व्हर बंद केला, पण तोवर खुद्द तो सर्व्हरही फॉरमॅट होऊन गेला होता! हुकूम सोडणारा स्वतःच हुकुमाच्या यादीत होता.

"तुझी चार मशीन होती," सर म्हणाले. "चूक तीच."

ओळ पुन्हा लिहिली

सरांनी ती ओळ काढून टाकायला सांगितली नाही, नीट करायला सांगितली. मूळ बटणही माझ्यासाठी उघडलं नाही. "आधी स्वतःचं कुंपण घालून दाखव," म्हणाले. तीन आठवड्यांत जे झालं ते असं.

पहिलं काम, मेनूची विभागणी. 'बघणाऱ्या' ओळी वेगळ्या आणि 'हात लावणाऱ्या' वेगळ्या. पिंग, लॉग, लॉगिन कोण आहे, यांनी कोणाचं काही जात नाही, त्यांना विचारणा नको. रीस्टार्ट ही हात लावणारी. तिच्या नावातच आता 'सूचना देऊन रीस्टार्ट' असं लिहिलंय. आणि ती 'पिंग'च्या शेजारी ठेवलेली नाही. साखर आणि मीठ एकाच आकाराच्या डब्यात शेजारी ठेवू नये, हे आमच्या मेसच्या मावशींना केव्हाच माहीत होतं.

दुसरं काम, आधी यादी. क्लिक केल्यावर लगेच काही होत नाही. कलेक्शनचं नाव, मशीनची संख्या आणि प्रत्येक नाव पडद्यावर येतं. पुढे जायला 'वाय' दाबून चालत नाही. 'वाय' दाबायची बोटांना सवय लागते, डोक्याला पत्ताही नसतो. मशीनची संख्या टाइप करावी लागते. २८ असतील तर २८. आकडा लिहायला यादी बघावीच लागते.

तिसरं काम, मशीनवर कोणी बसलंय का ते बघणं. स्क्रिप्ट प्रत्येक मशीनला विचारते की लॉगिन कोण आहे. कोणी असेल तर ते मशीन वगळते आणि तसं सांगते. उत्तरच आलं नाही तरी वगळते. आधी मी 'उत्तर नाही म्हणजे कोणी नाही' असं धरलं होतं. सरांनी ते खोडलं. उत्तर नाही म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नसेल तर हात लावायचा नाही.

चौथं, वेळ. शून्य सेकंदांच्या जागी ६००, म्हणजे दहा मिनिटं. 'शटडाउन'ला शून्यापेक्षा जास्त वेळ दिला की 'एफ' न लिहिताही शेवटी प्रोग्रॅम जबरदस्तीनंच बंद होतात, हे लक्षात ठेवा. पण त्या दहा मिनिटांत दोन गोष्टी शक्य असतात. मधेच कोणी येऊन बसलं तर त्याला संदेश दिसतो आणि फाइल सेव्ह करता येते. आणि मला चूक कळली तर 'ए' हा स्विच देऊन सगळं थांबवता येतं. 'ए' फक्त त्या वेळेतच चालतो. शून्य सेकंद म्हणजे पश्चात्तापालाही वेळ नाही!

संदेश मराठीत लिहिला: 'हे मशीन दहा मिनिटांत रीस्टार्ट होईल. काम सेव्ह करा. अडचण असेल तर कॉम्प्युटर सेंटरला या.' पहिल्या चाचणीत त्याची भलतीच चिन्हं दिसली. विंडोजबरोबर येणारी पॉवरशेल ५.१ ही बीओएम नसलेली युटीएफ-८ फाइल जुन्या पद्धतीनं वाचते, म्हणून फाइल बीओएमसकट सेव्ह करायची. केली, आणि अक्षरं सरळ झाली.

पाचवं, नोंद. कोणी, कधी, कुठल्या कलेक्शनवर, कुठली मशीन रीस्टार्ट केली, कुठली वगळली, हे सगळं सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहिलं जातं. त्या फाइलीत मी भर घालू शकतो, खोडू शकत नाही. हा अधिकार सरांनी मुद्दाम तसा दिला. या वेळी कारण विचारलं नाही, समजलं.

आणि सहावं काम, ज्यात स्क्रिप्टचा काही संबंध नव्हता. मी आणि मामा दोन दुपारी सहाही लॅब फिरलो आणि कुठलं मशीन खरं कुठं आहे ते कागदावर लिहून काढलं. अकरा मशीन यादीत एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जागी निघाली. मामा म्हणाले, "आधी मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं की रे." खरंच सांगितलं असतं. ती चार मशीन उचलून नेणारे तेच होते.

आता नवी पद्धत

हे वाचून कोणी आपल्या ऑफिसात किंवा इंटर्नशिपमध्ये फाइली टाकायला धावेल, म्हणून सांगतो. फोल्डरात हातानं फाइल टाकायची ही पद्धत शिकायला उत्तम, पण फाइल त्या एकाच पीसीवर राहते. दुसऱ्या पीसीवरच्या कन्सोलला तिचा पत्ताही नसतो. २१०३ या आवृत्तीपासून (आकड्याचा अर्थ: २०२१ चा तिसरा महिना) कन्सोलमध्येच 'कन्सोल एक्स्टेन्शन्स' नावाची जागा आहे. तिथं जोडणी आयात करायची, मंजूर करायची, मग ती सगळ्यांना मिळते. मंजूर नसलेल्या जोडण्या चालूच द्यायच्या नाहीत, असंही सेटिंग आहे. ते लावलं की हातानं टाकलेल्या फाइली पडून राहतात, मेनूत येत नाहीत.

आणि समोरच्या मशीनवर स्क्रिप्टच चालवायची असेल तर 'रन स्क्रिप्ट्स' ही सोय आहे. तिथं स्क्रिप्ट आधी सर्व्हरवर नोंदवायची, मग ती मंजूर व्हावी लागते. आणि मूळ सेटिंगप्रमाणे लिहिणाऱ्यालाच स्वतःची स्क्रिप्ट मंजूर करता येत नाही. पूर्वी हे वाचलं असतं तर 'काय कटकट आहे' म्हणालो असतो. आता वाटतं, त्या रात्री दुसऱ्या कोणी माझ्या सहा ओळी फक्त वाचल्या असत्या तरी 'शून्य' त्याच्या डोळ्यात भरलं असतं.

राहिलेली गोष्ट

ज्या सकाळी सरांना सांगितलं, त्याच सकाळी प्रोजेक्ट रूममध्येही गेलो. ती मुलगी ड्रॉइंगची प्रिंट घेऊन निघालीच होती. म्हटलं, "काल लाइट गेली नव्हती. मी मशीन रीस्टार्ट केली. चुकून, पण मीच." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काल सांगितलं असतंत तर आम्ही एक्स्टेन्शन तरी मागितलं असतं." आणि सबमिशनला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन तास माझ्या बटणानं घालवले होते. पण एक रात्र माझ्या 'बघतो हं'नं घालवली.

गेल्या आठवड्यात नोंदीची फाइल चाळत होतो. एका ओळीत प्रोजेक्ट रूमचं तिसरं मशीन होतं: 'लॉगिन आहे, वगळले.' वेळ रात्रीची सव्वाअकरा. कोण बसलं होतं माहीत नाही. ज्यानं कोणी बसून काम केलं, त्याला काही कळलंही नसेल.

तेव्हा मंडळी, लॅबमध्ये बसलेले असताना पडद्यावर मराठीत 'काम सेव्ह करा' असं आलं, तर घाबरू नका, आधी सेव्ह करा. मग कॉम्प्युटर सेंटरला या. साडेआठनंतर मी तिथंच असतो. आणि तुमच्यापैकी कोणाला मेनूत ओळ जोडायची असेल तर तीही शिकवीन. मात्र येताना मशीनची यादी घेऊन या, आणि वाटेत मामांना विचारून या.